एक सर्व्हर, वीस पडदे : लिनक्सवरील ‘थिन क्लायंट’ संगणककक्षाची उभारणी

वीस संगणकांचा कक्ष म्हणजे वीस हार्ड डिस्क, वीस कार्यप्रणाली आणि वीस ठिकाणी करावयाची तीच ती डागडुजी, हे समीकरण शाळा, ग्रंथालये आणि लहान कार्यालये यांच्या अंगवळणी पडले आहे. एका संगणकात विषाणू शिरतो, दुसऱ्याची डिस्क कुरकुरू लागते, तिसऱ्यावर कोणीतरी नको ते सॉफ्टवेअर टाकून ठेवलेले असते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे चालत्याबोलत्या असंख्य यंत्रांवर केवळ नियमांत बसत नाहीत म्हणून भंगारात जाण्याची वेळ आली आहे.

अशा यंत्रांना कामास लावण्याचा एक जुना, मुरलेला मार्ग लिनक्सच्या जगात उपलब्ध आहे. सर्व सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर ठेवायचे आणि टेबलावरील संगणकांनी ते नेटवर्कवरून उचलून सुरू व्हायचे. टेबलावरच्या यंत्रात हार्ड डिस्क नसली तरी चालते. ही रचना कशी चालते, तिला काय लागते, ती टप्प्याटप्प्याने कशी उभारावी आणि ती कोठे अडते, याची माहिती या लेखात दिली आहे. एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. या रचनेत टेबलावरची काळजी नाहीशी होत नाही, ती एका जागी गोळा होते. त्या एका जागेची निगा राखण्याची तयारी असेल तरच हा मार्ग स्वस्त पडतो.

कल्पना जुनीच

एका बलाढ्य यंत्राला अनेक टर्मिनल जोडायची, ही पद्धत मेनफ्रेमच्या काळापासूनची आहे. मात्र त्या टर्मिनलवर केवळ अक्षरे उमटत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये ‘एक्स विंडो’ प्रणालीचा जन्म झाला आणि एका यंत्रावर चालणाऱ्या कार्यक्रमाची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखविणे शक्य झाले. पुढे लिनक्सने हीच प्रणाली स्वीकारली.

या पायावर अमेरिकेतील जिम मॅक्क्विलन यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’, म्हणजेच एलटीएसपी, हा मुक्त प्रकल्प सुरू केला. नॉर्वेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कोलेलिनक्स’ या शालेय प्रकल्पाने, आजच्या डेबियन एज्युने, याच तंत्राची कास धरली. फ्लोरिडातील लार्गो या शहराच्या नगरप्रशासनाने तर आपल्या कर्मचाऱ्यांना थिन क्लायंटवरून लिनक्सवर काम करण्याची सोय करून दिली. २००५ मध्ये आलेल्या एज्युबंटूमुळे एलटीएसपी अनेक शाळांपर्यंत पोहोचले.

२०१९ मध्ये ग्रीसमधील अल्किस जॉर्जोपुलोस यांनी एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिले. आज डेबियन आणि उबंटू यांच्या भांडारांतून मिळते ती हीच नवी आवृत्ती. जुन्या आवृत्तीला आता ‘एलटीएसपी ५’ म्हणतात. दोहोंची रचना इतकी वेगळी आहे की जुनी माहिती वाचून नवा सर्व्हर उभारू पाहणारा हमखास गोंधळतो.

कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत

डिस्क नसलेला संगणक सुरू कसा होतो, हे नीट समजले तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. संगणकाच्या नेटवर्क कार्डात ‘पीएक्सई’ नावाची लहानशी आज्ञावली असते. इंटेलने तिचा २.१ हा मानक आराखडा १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या बहुतेक सर्व संगणकांत ती सापडते. बायोसमध्ये ‘नेटवर्कवरून सुरू व्हा’ असा पर्याय निवडला की पुढील घटना क्रमाने घडतात.

प्रथम संगणक नेटवर्कवर पुकारा करतो : मी आलो आहे, मला पत्ता द्या. डीएचसीपी सेवा त्याला आयपी पत्ता देते आणि सोबत दोन गोष्टी सांगते, सुरुवातीची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय. दुसऱ्या टप्प्यात टीएफटीपी या अत्यंत साध्या पद्धतीने ती फाइल येते. एलटीएसपीमध्ये ही फाइल म्हणजे ‘आयपीएक्सई’ हा अधिक हुशार प्रारंभक. तो तिसऱ्या टप्प्यात लिनक्सचे कर्नेल आणि ‘इनिटआरडी’ ही तात्पुरती शिदोरी उतरवून घेतो. कर्नेल जागे झाले की चौथ्या टप्प्यात ते सर्व्हरवरील मुख्य प्रतिमा, म्हणजे संपूर्ण कार्यप्रणाली दाबून भरलेली एकच मोठी फाइल, एनएफएस पद्धतीने जोडून घेते.

ही प्रतिमा केवळ वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाहीत. संगणक चालू असताना जे बदल होतात ते त्याच्या स्वतःच्या स्मृतीत, प्रतिमेवर अंथरलेल्या पातळ थरासारखे, साठत जातात आणि संगणक बंद होताच पुसले जातात. म्हणजे विद्यार्थ्याने प्रणालीत कितीही उलथापालथ केली तरी दुसऱ्या दिवशी कक्ष कोरा करकरीत उघडतो. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली मात्र सर्व्हरवरील त्याच्या गृहसंचिकेत राहतात. परवलीचा शब्द दिल्यावर ‘एसएसएच’ या कूटबद्ध मार्गाने ती संचिका टेबलावरच्या संगणकाला जोडली जाते. म्हणून विद्यार्थ्याने आज तिसऱ्या रांगेत बसून लिहिलेला निबंध उद्या पहिल्या रांगेतही उघडतो.

पातळ की जाड?

सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथे घ्यावा लागतो. प्रत्यक्ष काम कोणी करायचे, सर्व्हरने की टेबलावरच्या यंत्राने?

खऱ्या अर्थाने ‘थिन’ क्लायंटमध्ये ब्राउझर, लेखनाचे सॉफ्टवेअर इत्यादी सारे सर्व्हरवर चालते आणि टेबलावर केवळ चित्र पोहोचते. टेबलावरचे यंत्र अगदी दुबळे असले तरी भागते. मात्र सर्व्हरला सर्वांचा भार एकट्याने पेलावा लागतो. आजचा ब्राउझर चार-पाच पाने उघडताच एक गिगाबाइटच्या आसपास स्मृती सहज व्यापतो. वीस जणांसाठी ३२ गिगाबाइट स्मृती आणि दणकट प्रोसेसर गृहीत धरावा लागतो.

दुसरी अडचण चलच्चित्रांची. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरले तर एक चित्र सुमारे २४ लाख बाइटचे होते. सेकंदाला २५ चित्रे न दाबता पाठवायची तर सुमारे ४७२ मेगाबिट वेग लागेल. गिगाबिट नेटवर्कवर असे दोनच प्रेक्षक मावतील! एक्सटूगो किंवा आरडीपी या पद्धती चित्र दाबून पाठवतात, पण ते दाबण्याचे कष्ट पुन्हा सर्व्हरच्याच माथी येतात.

दुसरा प्रकार ‘फॅट’ किंवा डिस्कविरहित क्लायंटचा. येथे प्रणाली नेटवर्कवरून येते, पण ब्राउझर टेबलावरच्या यंत्राच्या प्रोसेसरवर आणि स्मृतीत चालतो. सर्व्हर फक्त फाइली पुरवतो. नव्या एलटीएसपीची मूळ पद्धत हीच आहे. थिन क्लायंट हवे असल्यास त्यावर एक्सटूगो किंवा आरडीपीची जोड स्वतंत्रपणे द्यावी लागते. डेबियन एज्युमध्ये अशी एक्सटूगोची सोय आहे.

निवडीचा साधा निकष असा : टेबलावरच्या यंत्रांत चौसष्ट बिटांचा प्रोसेसर आणि चार गिगाबाइट स्मृती असेल तर डिस्कविरहित पद्धत निःशंकपणे स्वीकारावी. दोन गिगाबाइटवर हलका डेस्कटॉप आणि मोजकी पाने चालतात, पण कुरकुरत. त्याहून कमी असेल तर थिन पद्धत किंवा स्मृतीची भर, हेच पर्याय उरतात. केवळ बत्तीस बिटांची यंत्रे मात्र आता बाजूला ठेवलेलीच बरी. उबंटूने त्यांना केव्हाच निरोप दिला आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यासाठी प्रणाली बसविण्याची सोय राहिलेली नाही.

साहित्याची जुळवाजुळव

डिस्कविरहित कक्षाचा सर्व्हर अवाढव्य असण्याची गरज नाही. चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ ते १६ गिगाबाइट स्मृती आणि एसएसडी डिस्क वीस जणांना पुरते. मुख्य प्रतिमेचा जो भाग एकदा डिस्कवरून वाचला जातो तो सर्व्हरच्या स्मृतीत राहतो आणि पुढच्या एकोणीस जणांना तेथूनच मिळतो. म्हणून पैसा उरला तर तो प्रोसेसरवर खर्च न करता स्मृतीवर करावा.

खरी काटकसर अंगाशी येते ती नेटवर्कमध्ये. समजा, सुरू होताना प्रत्येक संगणक २०० मेगाबाइट माहिती उचलतो. तासाची घंटा होताच वीस जणांनी एकदम कळ दाबली तर सर्व्हरमधून ४,००० मेगाबाइट बाहेर पडले पाहिजेत. सर्व्हर आणि स्विच यांच्यातील दुवा १०० मेगाबिटचा असेल तर त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तोच दुवा गिगाबिटचा असेल तर अर्ध्या मिनिटात काम होईल. टेबलावरच्या यंत्रांची कार्डे १०० मेगाबिटची असली तरी हरकत नाही, पण सर्व्हर गिगाबिट स्विचलाच जोडलेला हवा. पीएक्सई वायफायवर चालत नाही, तेव्हा प्रत्येक टेबलापर्यंत केबल नेणे भाग आहे.

सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डे असणे उत्तम. एक इंटरनेटच्या राउटरकडे, दुसरे कक्षाच्या स्विचकडे. असे केल्याने कक्षाचे जाळे कार्यालयाच्या उर्वरित जाळ्यापासून वेगळे राहते आणि पुढे सांगितलेल्या अनेक कटकटी टळतात.

यूपीएस सर्व्हरला तर हवाच, पण स्विचलाही हवा. हे हटकून विसरले जाते. स्विचची वीज गेली की सर्व पडदे जागच्या जागी गोठतात, मग सर्व्हर कितीही सुखरूप असो. उलट टेबलावरच्या यंत्रांची वीज अचानक गेली तरी त्यांची प्रणाली बिघडत नाही, कारण बिघडण्यासाठी तेथे काही नसतेच. जतन न केलेले काम मात्र जाते. विजेच्या लपंडावाची सवय असलेल्या आपल्या गावांसाठी हा गुण थोडाथोडका नव्हे.

उभारणीचे टप्पे

पुढील सर्व आज्ञा सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने द्यावयाच्या आहेत. प्रत्येकीचा आरंभ ‘एलटीएसपी’ या शब्दाने होतो आणि त्यापुढे कामाचे नाव येते. ही नावे येथे देवनागरीत दिली असली तरी यंत्राला ती रोमन लिपीतील लहान अक्षरांतच द्यावीत.

पहिला टप्पा : सर्व्हरवर डेबियन, लिनक्स मिंट किंवा उबंटू माते यांपैकी एखादी प्रणाली डेस्कटॉपसह बसवावी. हाच डेस्कटॉप पुढे सर्वांना दिसणार असल्याने त्यात लागणारी सर्व सॉफ्टवेअरे आधीच भरून घ्यावीत. उबंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ या स्वरूपात येतो आणि गृहसंचिका नेटवर्कवर असेल तर तो अडखळतो. तेथे फायरफॉक्सची नेहमीची ‘डेब’ आवृत्ती बसवावी.

दुसरा टप्पा : भांडारातून एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएसचा कर्नेल सर्व्हर, ओपनएसएसएच सर्व्हर आणि स्क्वॉशएफएसची साधने बसवावीत. आयपीएक्सईच्या फाइलींसाठी ‘एलटीएसपी-बायनरीज’ हे पॅकेजही घ्यावे. शिक्षकाला सर्व पडदे एका जागी पाहावयाचे असतील तर ‘एपॉप्टिस’ हे सोबतचे सॉफ्टवेअर उपयोगी आहे. हे ग्रीक नाव असून त्याचा अर्थ देखरेख करणारा. ते बसविले असेल तर आपला पडदा पाहिला जाऊ शकतो, याची कल्पना वापरणाऱ्यांना अवश्य द्यावी.

तिसरा टप्पा नेटवर्कचा. दोन कार्डे असतील तर कक्षाकडील कार्डाला १९२.१६८.६७.१ हा स्थिर पत्ता द्यावा. एलटीएसपीने हे जाळे आपले घरचे मानले आहे. त्यानंतर ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ ही आज्ञा दिली की पत्ते वाटणे आणि सुरुवातीची फाइल पुरविणे, या दोन्ही सेवा मांडल्या जातात. कार्ड एकच असेल आणि पत्ते आधीपासून राउटर वाटत असेल तर हीच आज्ञा ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ची व्यवस्था लावते. म्हणजे पत्ता राउटर देतो आणि सुरुवातीची फाइल कोठे आहे तेवढे सर्व्हर सांगतो.

चौथा टप्पा : ‘एलटीएसपी इमेज’ या आज्ञेपुढे एक तिरपी रेघ दिली की सर्व्हरच्या स्वतःच्याच प्रणालीची दाबून भरलेली प्रतिमा तयार होते. वापरकर्त्यांची खाती आणि त्यांच्या गृहसंचिका तिच्यातून वगळल्या जातात. यंत्राच्या वेगानुसार या कामाला काही मिनिटे लागतात.

पाचवा टप्पा तीन लहान आज्ञांचा. ‘एलटीएसपी आयपीएक्सई’ सुरुवातीची यादी तयार करते, ‘एलटीएसपी एनएफएस’ प्रतिमा वाचण्यासाठी खुली करते आणि ‘एलटीएसपी इनिटआरडी’ वापरकर्त्यांची माहिती व कक्षाचे नियम यांची पुरवणी बांधते. हे नियम ‘एलटीएसपी डॉट कॉन्फ’ या फाइलीत लिहायचे असतात. एखाद्या यंत्राला ठरावीक नाव देणे, पडद्याचे मोजमाप बांधून देणे, दोन कार्डांच्या रचनेत कक्षाला सर्व्हरमार्फत इंटरनेट देणे, हे सारे तेथे ठरते.

सहावा टप्पा : प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणावे. नव्या यूईएफआय यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ बहुधा बंद करावे लागते. प्रथम एकच संगणक सुरू करून पाहावा, तो चालला तर पाच आणि मग सर्व. वीस यंत्रांवर एकदम प्रयोग केल्यास चूक कोठे झाली हे कळत नाही.

यापुढे तीन सवयी लावून घ्याव्यात. नवे सॉफ्टवेअर बसविले किंवा प्रणाली अद्ययावत केली की ‘इमेज’ची आज्ञा पुन्हा द्यावी. नवा वापरकर्ता जोडला किंवा नियम बदलले की ‘इनिटआरडी’ची पुन्हा द्यावी. आणि प्रत्येक नव्या प्रतिमेपूर्वी जुनी प्रतिमा वेगळ्या नावाने जपून ठेवावी, म्हणजे काही बिघडल्यास माघारी फिरता येते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? सर्व्हरवर बदल केला आणि नवी प्रतिमा तयार केली नाही, तर टेबलावर जुनेच दिसत राहते. नवशिक्यांच्या तक्रारींपैकी पुष्कळशा येथेच मिटतात.

मराठीची सोय एकदाच

मराठी शाळांना आणि कार्यालयांना या रचनेचा एक खास लाभ आहे. मराठीची जी व्यवस्था वीस ठिकाणी वीसदा करावी लागते, ती येथे एकदाच होते. सर्व्हरवर मराठीची भाषासंहिता, लोहित किंवा नोटो यांसारखे मुक्त देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिसचा मराठी मुखवटा आणि आयबस ही टंकनसुविधा बसवून प्रतिमा तयार केली की सर्व टेबलांवर मराठी अवतरते. इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारतीय मानकात समाविष्ट असल्याने शिकविण्यासाठी तोच मूळ ठेवावा. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी ध्वन्यात्मक पर्याय सोबत देता येतो.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ नीट उमटतात का आणि ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील चंद्राकार र योग्य दिसतो का, हे आधी छापून पाहावे.

एक इशारा मात्र हवा. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, आयएसएम आदी पद्धतींच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइली लिनक्सवर निरर्थक चिन्हांच्या स्वरूपात उघडतात. कार्यालयाकडे असा साठा असेल तर स्थलांतरापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि रूपांतरित मजकूर डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरांत चुका राहतात.

अडले तर कोठे पाहावे?

सुरू होताना पडद्यावर दिसणारी त्रुटीची खूण हाच उत्तम वैद्य. ‘पीएक्सई-ई५१’ दिसल्यास पत्ता देणारे कोणी सापडले नाही असे समजावे. केबल, स्विच आणि डीएनएसमास्क सेवा चालू आहे का, हे तपासावे. ‘पीएक्सई-ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलीचे नाव मिळाले नाही. बहुधा राउटरने परस्पर उत्तर दिलेले असते आणि सर्व्हरचा प्रॉक्सी मौन असतो. ‘पीएक्सई-ई३२’ म्हणजे नाव कळले पण टीएफटीपीने फाइल दिली नाही. अशा वेळी सर्व्हरची फायरवॉल पाहावी. डीएचसीपीसाठी ६७, टीएफटीपीसाठी ६९, एनएफएससाठी २०४९ आणि एसएसएचसाठी २२ ही द्वारे कक्षाच्या बाजूस उघडी हवीत. प्रॉक्सी डीएचसीपीसाठी ४०११ हेही लागते.

कधी संगणक एका वेळी सुरू होतो तर दुसऱ्या वेळी नाही. अशा लहरीपणामागे बहुतेकदा एकाच जाळ्यात पत्ते वाटणाऱ्या दोन सेवा असतात. ज्याचे उत्तर आधी पोहोचते त्याचे चालते. दुसरे कारण महागड्या, नियंत्रित स्विचमध्ये दडलेले असते. जोडणी होताच असा स्विच सुमारे अर्धा मिनिट फेरतपासणी करतो आणि तोवर पीएक्सई धीर सोडते. स्विचमधील ‘पोर्टफास्ट’ किंवा तत्सम पर्याय सुरू केल्यावर हा विलंब नाहीसा होतो.

सर्व काही सुरू होऊन परवलीचा शब्द मात्र नाकारला जात असेल तर ‘इनिटआरडी’ची आज्ञा द्यायची राहिली आहे का, हे पाहावे. सर्व वर्गासाठी ‘विद्यार्थी’ असे एकच खाते ठेवण्याचा मोहही टाळावा. दोघांनी एकाच वेळी तेच खाते उघडले की ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे’ अशी तक्रार येते आणि एकमेकांच्या फाइली पुसल्या जातात. काम करता करता यंत्र एकाएकी गोठत असेल तर स्मृती संपली आहे असे समजावे. स्मृतीतच माहिती दाबून ठेवणारी ‘झेडरॅम’ ही सुविधा सुरू केल्याने थोडा दिलासा मिळतो.

सुरक्षा आणि राखीव प्रत

टेबलावर काहीच साठत नसल्याने यंत्र चोरीला गेले तरी त्यासोबत कोणाची माहिती जात नाही. मात्र सुरुवातीचे टप्पे, म्हणजे डीएचसीपी आणि टीएफटीपी, समोरच्याची ओळख पटवून घेत नाहीत. कक्षाच्या जाळ्यात कोणी स्वतःचा बनावट सर्व्हर जोडला तर संगणक त्याचेही ऐकतील. कक्षाचे जाळे वेगळे ठेवावे, स्विच कुलूपबंद असावा, आणि बँकेची किल्ली किंवा वायफायचा परवलीचा शब्द अशा गोपनीय गोष्टी प्रतिमेत ठेवू नयेत, कारण ती प्रतिमा जाळ्यातील प्रत्येकास वाचता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वीस सुटे संगणक असतात तेव्हा एक बिघडला तर एकोणीस चालतात. येथे सर्व्हर बिघडला तर वीसच्या वीस बंद. परीक्षेच्या दिवशी किंवा महिनाअखेरीस असे झाले तर वाचलेला सारा खर्च व्यर्थ ठरतो. म्हणून तीन गोष्टी ऐच्छिक समजू नयेत. पहिली, गृहसंचिकांची रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्यातून एकदा इमारतीबाहेर जाणाऱ्या डिस्कवर प्रत. दुसरी, त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत मिळते का याची दर महिन्याला चाचणी. तिसरी, एक राखीव यंत्र. टेबलावरच्या वीसपैकी त्यातल्या त्यात बऱ्या संगणकावर हाच सर्व्हर उभारून ठेवावा आणि प्रतिमा व नियमांची फाइल त्यावर नेऊन ठेवावी. मुख्य सर्व्हर कोलमडला तर गृहसंचिकांची प्रत त्यावर उतरवून केबल बदलली की कक्ष पुन्हा सुरू होतो.

याहून नाजूक बाब माणसांची. अनेक ठिकाणी असा कक्ष एका उत्साही शिक्षकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या बळावर उभा राहतो आणि त्याची बदली होताच ओस पडतो. सर्व्हरचे पत्ते, आज्ञांचा क्रम, राखीव प्रतीचे वेळापत्रक हे सारे मराठीत, कागदावर लिहून कक्षातच ठेवावे. प्रशासकाचा परवलीचा शब्द पाकिटात मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, आणि नवी प्रतिमा तयार करणे किमान दोघांना यावे.

कोणी या वाटेस जाऊ नये?

जेथे विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर, विशिष्ट छापयंत्रे किंवा सरकारी कामासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची साधने अनिवार्य आहेत, तेथे दोन-तीन स्वतंत्र विंडोज यंत्रे राखूनच हा प्रयोग करावा. चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आरेखन हे मुख्य काम असेल तर ही रचना अपुरी पडते. संगणक तीन-चारच असतील तर सर्व्हरचा खटाटोप परवडत नाही, प्रत्येकावर सरळ लिनक्स बसवावे.

वीजबिलाबाबतही भाबडी आशा नको. मुद्दाम विकत घेतलेली, दहा-पंधरा वॅटची लहान थिन क्लायंट यंत्रे खरोखर बचत करतात. प्रत्येक टेबलामागे ५० वॅट वाचले, तर रोज आठ तास व वर्षाला २५० दिवस या हिशेबाने वीस टेबलांवर २,००० युनिट वाचतात. जुनाच डेस्कटॉप डिस्क काढून वापरला तर मात्र ही बचत जेमतेम मोजण्याइतकी असते. तेथे लाभ होतो तो यंत्र विकत न घेण्याचा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या वाचण्याचा.

पंधरा ते चाळीस संगणकांची शाळा, वाचनालयाचा इंटरनेट विभाग, एकसारखे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कार्यालय, ही या रचनेची खरी स्थाने. तेथे सुट्टीच्या दोन दिवसांत, हाताशी असलेल्या एका बऱ्या संगणकाला सर्व्हर करून आणि दोन जुनी यंत्रे जोडून चाचणी घेता येते. सॉफ्टवेअरसाठी एक पैसाही मोजावा लागत नाही आणि टेबलावरच्या यंत्रांच्या डिस्कला हात लागत नसल्याने प्रयोग फसला तरी जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत मिळते. यंत्रे भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी एवढी परीक्षा तरी अवश्य घ्यावी.